फॉर्म भरण्याआधी एक लेक्चर

जून लागला की दहिसर स्टेशनच्या दोन्ही अंगांची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. रांगेत मुलापेक्षा आई-बाबाच जास्त बोलतात आणि बोलणं दोनच गोष्टींभोवती फिरतं. गेल्या वर्षी कट-ऑफ कितीला थांबला होता? आणि कॉलेज स्टेशनपासून किती लांब? तिथे शिकवतात कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो. रांगेतल्या कुणीही त्या वर्गात पाऊल टाकलेलं नसतं.

दहिसर हे पश्चिम रेल्वेवर मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढचं मीरा रोड ठाणे जिल्ह्यात. विरारहून येणाऱ्या काही फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, आणि ज्या थांबतात त्यांत शिरायचं म्हणजे खांद्यात बळ हवं. त्यामुळे इथल्या मुलांची पसंतीक्रमाची यादी स्लो लोकलच्या क्रमानं लागते: आधी बोरिवली, मग कांदिवली, मालाड, गोरेगाव, अगदीच मार्क चांगले असतील तर पार्ले, आणि घरात कुणाची हिंमत असेल तर माटुंगा किंवा चर्चगेट. जानेवारी २०२३पासून मेट्रो २अ आणि ७ पूर्ण धावू लागल्या, दहिसर पूर्वेहून थेट अंधेरी गाठता येऊ लागली, तशी यादीत आणखी दोन-चार नावं आली. बारावीपर्यंतच्या मुलांना मेट्रोत २५ टक्के सवलतही २०२३च्या महाराष्ट्र दिनापासून मिळते. प्रवासाचा हिशेब असा बारकाईनं होतो.

हीच माणसं घर घेताना काय करतात? दहिसर-बोरिवलीत जागोजागी पुनर्विकास चालू आहे. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट दोनदा पाहिल्याशिवाय, बाथरूमचा नळ सोडून बघितल्याशिवाय कुणी टोकन देत नाही. पोराच्या आयुष्यातली तीन किंवा पाच वर्षं मात्र वेबसाइटवरच्या फोटोवर दिली जातात.

अकरावीचं गणित तर आणखी काटेकोर. मुंबईत अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २००९पासून होतात. २०२५मध्ये ही पद्धत सबंध राज्याला लागू झाली. विद्यार्थ्यानं जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरायची. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो; नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे ज्या नावापुढे ‘१’ लिहिलं ते नाव नीट पारखलेलं असावं अशी व्यवस्थेचीच अपेक्षा आहे. पारखायचं कसं, याची सोय मात्र त्याच व्यवस्थेत कुठेही नाही. पोर्टलवर कॉलेजचा कोड मिळतो, जागा मिळतात, फी मिळते, गेल्या वर्षीचा कट-ऑफ मिळतो. वर्गाचं दार पोर्टलवर उघडत नाही.

प्रवेशाआधी फुकट बसून पाहण्याची सोय या उपनगरांत एकाच ठिकाणी आहे: क्लासमध्ये.

डेमो लेक्चर हा शब्द दहिसरच्या नववीतल्या मुलालाही ठाऊक असतो. क्लासवाल्यांनी ही कला पुरेपूर साधली आहे. डेमोला संस्थेतले सगळ्यात बोलघेवडे सर येतात. विषय असा निवडलेला असतो की तासाभरात मुलाला काहीतरी ‘कळलं’ असं वाटलंच पाहिजे. फिजिक्सचा असेल तर प्रक्षेप्य गती, गणिताचा असेल तर पटकन उत्तर काढण्याची एखादी युक्ती. रोटेशनल मोशनसारखा किचकट भाग डेमोला कुणी काढत नाही. एसी चालू, बोर्ड स्वच्छ, पहिल्या बाकावर जुन्या बॅचची दोन हुशार मुलं. तास संपला की आई-बाबांना शेजारच्या केबिनमध्ये नेतात आणि तिथे खरा डेमो सुरू होतो: आज नाव नोंदवलं तर फीमध्ये एवढी सूट, उद्या बॅच भरेल. पुढे जूनमध्ये वर्ग सुरू होतात तेव्हा डेमोचे सर दुसऱ्या शाखेत असतात.

एवढं असूनही क्लासवाल्यांना एका गोष्टीचं श्रेय द्यावं लागतं. गिऱ्हाइकाला माल दाखवला पाहिजे, हे त्यांना कळतं. दिखाऊ का होईना, एक तास ते मुलाला बाकावर बसू देतात. मूल घरी येऊन म्हणतं, “सर खूप भरभर बोलतात, मला नाही झेपत,” आणि त्या एका वाक्यानं निर्णय फिरू शकतो. कॉलेजबाबत हे वाक्य बोलायची वेळ फी भरून दोन महिने उलटल्यावर येते.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२४मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, रँकची हमी देणाऱ्या जाहिराती नकोत, मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर वेगळे नियम आणले. क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं मात्र जुनंच आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाखाली मूल कागदावर ज्युनिअर कॉलेजात असतं आणि दिवसभर क्लासमध्ये. ते इतकं बोकाळलं की २०१८मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाला विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अशा कॉलेजात पाहुणा म्हणून कुणी बसायला गेलाच तर रिकामे बाक दिसतील. तीसुद्धा माहितीच, आणि माहितीपत्रकातल्या कुठल्याही ओळीपेक्षा खरी.

शिकवण्यापेक्षा परीक्षेला मोठं मानण्याची ही सवय मुंबईला जन्मापासूनची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि ते लंडन विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होतं. शिकवायचं काम एल्फिन्स्टन, विल्सन यांसारख्या कॉलेजांचं. विद्यापीठाचं काम पेपर काढण्याचं आणि निकाल लावण्याचं. विद्यापीठानं स्वतः शिकवायला घेतलं ते साठ वर्षांनी. १९१९मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. साठ वर्षांत समाजाच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसली होती: कॉलेज म्हणजे मार्क.

तरीही त्याच सुमारास याच शहरात उलटं उदाहरण घडलं. नोव्हेंबर १९१८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कॉलेज अवघ्या पाच वर्षांचं होतं. सुरुवातीला, हे गृहस्थ काय शिकवणार, असा विद्यार्थ्यांचा सूर होता. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचं पाणी त्यांनी पिऊ नये असा आक्षेप सहकाऱ्यांकडून आला. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या तासाला बसण्यासाठी दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी परवानगी घेऊन येऊ लागले. त्या मुलांना हजेरी मिळणार नव्हती, मार्क मिळणार नव्हते. माणूस कसा शिकवतो एवढ्यासाठी ती आली. मार्च १९२०मध्ये बाबासाहेबांनी नोकरी सोडली आणि साठवलेले पैसे गाठीला बांधून अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडन गाठलं.

त्यांची स्वतःची घडणही अशीच मोकळ्या दारांच्या विद्यापीठात झाली होती. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी नोंदली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. पदवीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. तिथले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या तासांचा ठसा तर असा, की बाबासाहेब तीस वर्षांनंतरही ड्यूईंच्या वर्गातल्या लकबींची हुबेहूब नक्कल करून दाखवत, अशी आठवण त्यांच्या पत्नी सविता आंबेडकरांनी सांगितली आहे. पुस्तकातून ड्यूई कुणालाही मिळाले असते. लकबी वर्गात बसणाऱ्यालाच मिळतात. पुढे १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढताना त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्यांना बसता यावं म्हणून.

अमेरिकेत वर्गात बसून पाहण्याची ही रीत आता प्रवेशाच्या रिवाजाचाच भाग झाली आहे. न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबं मूल अकरावीत गेलं की सुट्टीत गाडी काढून कॉलेज टूर करतात. विद्यार्थी गाइड उलटं चालत आवार दाखवतो, आणि अनेक कॉलेजं अमुक दिवशी अमुक वर्गात बसा अशी यादीच देतात. जर्मनीत विद्यापीठं शाळकरी मुलांसाठी ‘चाखून पाहण्याचे’ दिवस ठेवतात, शिवाय थोडी फी भरून कुणाही प्रौढाला पाहुणा श्रोता म्हणून वर्गात बसता येतं. ब्रिटनमध्ये ओपन डेला नमुन्याचं व्याख्यान असतं. तिथेही दिखाऊपणा आहेच. गाइड नावडता प्राध्यापक दाखवत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत एखादा कोर्स ‘ऑडिट’ करता येतो, गुणांचं ओझं न घेता. पण त्यासाठी आधी आयआयटीत असावं लागतं.

मग दहिसर-बोरिवलीच्या कॉलेजात हे का होत नाही? पहिलं उत्तर गेटवरच मिळतं: “आय-कार्ड?” बाहेरचं मूल आत घेणं ही वॉचमनच्या दृष्टीनं जोखीम, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आत गेलंच तर ऑफिसची खिडकी प्रॉस्पेक्टस देते आणि ऑनलाइन भरा म्हणते.

दुसरं कारण वेळापत्रकाचं, आणि ते खरं अवघड. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मूल मोकळं होतं तेव्हा कॉलेजात सेमिस्टरच्या परीक्षा लागलेल्या असतात. मे महिना सुट्टीचा. २०२५मध्ये बारावीचा निकाल ५ मेला आणि दहावीचा १३ मेला लागला. म्हणजे मूल रिकामं, कॉलेजही रिकामं. जूनच्या मध्यावर कॉलेजं उघडतात तोवर फॉर्म भरून झालेले. पण नीट पाहिलं तर इथेच एक फट आहे. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग जूनमध्येच सुरू होतात, ज्युनिअर कॉलेजात बारावीचेही. अकरावीचा वर्ग भरेपर्यंत तर अनेकदा ऑगस्ट उजाडतो. दहावी झालेलं मूल तेवढे दिवस घरी मोबाइल घेऊन बसलेलं असतं आणि त्याला ज्या कॉलेजात जायचंय तिथे बारावीच्या वर्गात रोज तास होत असतात. पहिली यादी निघून गेली तरी दुसरी-तिसरी फेरी बाकी असते. दिवस सापडत नाहीत असं म्हणता येणार नाही.

तिसरं कारण प्राध्यापक उघडपणे सांगत नाहीत. राज्यातल्या कॉलेजांत बरंच शिकवणं तासिका तत्त्वावर नेमलेल्या, म्हणजे सीएचबी शिक्षकांवर चालतं. त्यांच्या नेमणुका अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होतात. जूनमध्ये मुलानं ज्यांचा तास ऐकला ते सर ऑगस्टमध्ये असतीलच याची हमी प्राचार्यही देऊ शकत नाहीत. शिवाय तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाच्या वर्गात पालक-पाहुणे पारख करायला बसवले, तर ती पारख त्याच्या पोटावर येऊ शकते. कॉलेजचं रूपांतर डेमो लेक्चरच्या दुकानात होईल ही शिक्षकांची भीती खोटी नाही. पण म्हणून मुलानं आंधळेपणानं आत यावं, हेही पटण्यासारखं नाही.

आणि बसून कळतं तरी काय? सगळ्यात आधी भाषा. दहिसरमध्ये आजही मराठी माध्यमातून दहावी होणारी मुलं आहेत. विज्ञानाला किंवा कॉमर्सला गेली की एका रात्रीत सगळं इंग्रजीत. ‘छेद’ आणि ‘अंश’ शिकलेल्या मुलीला ‘डिनॉमिनेटर’ ऐकून आधी मनात भाषांतर करावं लागतं, तोवर फळा पुसलेला असतो. वर्गात बसली तर तिला दिसेल की अमुक कॉलेजात सर इंग्रजीत वाक्य बोलून लगेच मराठी-हिंदीत उलगडतात, आणि तमुक ठिकाणी उलगडत नाहीत. कट-ऑफ दोन्हींचा सारखाच असू शकतो. या एका गोष्टीवर मुलगी टिकते किंवा गळते, आणि ही एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

मग गर्दी. कॉमर्सच्या एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुलं असतात. शेवटच्या बाकावर काय ऐकू येतं हे शेवटच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. मुलांनी प्रश्न विचारला तर सर थांबतात की “नंतर भेट” म्हणतात? प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर किती डोकी? हजेरी कशी घेतात, आणि कुणी कुणाच्या नावाला “प्रेझेंट सर” म्हणतं? ७५ टक्के हजेरीचा नियम सगळीकडे आहे, पण कोणतं कॉलेज डिफॉल्टर लिस्ट खरंच लावतं ते कट्ट्यावरच्या मुलांना माहीत असतं. लेक्चर संपल्यावरची दहा मिनिटं त्यांच्याशी बोलण्यात घालवली तर लेक्चरइतकाच लाभ.

हल्ली नावावरूनही काही समजेनासं झालंय. २०२४-२५पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, राज्यानं त्यांच्यासाठी सीईटी आणली. तेव्हा मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसची पाटी उतरवून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशी लावली. त्याच वर्षी संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि त्याबरोबर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, श्रेयांक. पालकांना यातलं अर्धं कळत नाही, आणि खरं सांगायचं तर ऑफिसच्या खिडकीमागच्या माणसालाही. अशा वेळी दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर एक तास बसून त्यांची वही पाहिली तर काय शिकवतात ते कळतं. नव्या मुलांना कॉलेजची ओळख व्हावी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१९मध्ये ‘दीक्षारंभ’ कार्यक्रम आखला. चांगला आहे, पण तो फी भरल्यानंतरचा.

फी भरल्यानंतरची एक वाट पालकांना फारशी माहीत नसते. २०२४-२५साठीच्या यूजीसीच्या धोरणात असं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत पदवीचा प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची. ही एका अर्थानं वर्गात बसून पाहण्याची मुदतच. अडचण अशी की तोवर दुसरीकडच्या जागा भरलेल्या असतात. अकरावीला तर हे धोरण लागूच नाही.

गंमत म्हणजे कॉलेजशी या परिसराचं नातं सोळाव्या शतकापासूनचं. दहिसरला लागून असलेल्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन पाद्रींनी कॉलेज उभारलं होतं. त्याचे भग्नावशेष आजही आहेत आणि मेट्रोच्या स्टेशनला लेण्यांचं नाव आहे. आज दहिसर पूर्वेला शैलेंद्र आणि ठाकूर रामनारायण ही कॉलेजं आहेत, बोरिवलीत गोखले कॉलेज आहे, अभियांत्रिकीचं सेंट फ्रान्सिस आहे. मुलाला एका दिवसात दोन वर्ग पाहता येतील इतकी ही जवळ आहेत.

कॉलेजांच्या वर्गांची दारं उघडत नाहीत तोवर जे उघडं आहे ते वापरावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ कार्यक्रम २००९पासून रविवारी जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात होत आला आहे. शास्त्रज्ञ समोर बोलतात, कुणीही बसावं, काहीही विचारावं. सायन्स घ्यायचं की नाही या प्रश्नाचं उत्तर अशा एका सकाळी मिळू शकतं. आयआयटींचे वर्ग ‘एनपीटीईएल’ या संकेतस्थळावर आहेत, इतर विषयांचे २०१७पासून ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर, फुकट. बी.ए. अर्थशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलीनं फॉर्मआधी तिथले चार तास शांतपणे ऐकावेत आणि पाचवा ऐकावासा वाटतो का ते स्वतःला विचारावं. पडद्यावर वर्ग कळत नाही, विषय मात्र कळतो. आणि तीन वर्षं त्या विषयाबरोबरच काढायची आहेत.

दहिसर-बोरिवलीच्या प्राचार्यांकडे मागणी फार मोठी नाही. कॉलेज उघडल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत आठवड्यातला एक दिवस ठरवावा. शाळेचं ओळखपत्र किंवा निकालाची प्रत दाखवून गेटवर पास द्यावा. ज्या शिक्षकांची तयारी असेल त्यांच्याच वर्गात, मागचे दोन बाक. पालकांना आत सोडू नये. ते कॅन्टीनमध्ये चहा घेतील. आणि पालकांनी यंदा कट-ऑफची यादी उघडण्याआधी कॉलेजला एक साधा अर्ज लिहावा: आमच्या मुलाला एक तास बसू द्याल का? चार कॉलेजं नाही म्हणतील. जे पाचवं हो म्हणेल, त्याचं नाव यादीत वर घ्यायला हरकत नाही.